रक्ताचा थेंबही नाही

वेलदोडा चघळून, तीनदा चूळ भरून अच्युतराव लेकीच्या दवाखान्यातल्या खुर्चीत आडवे झाले. वर्षापूर्वी मृण्मयीनंच त्यांच्या जबड्यात स्क्रू बसवून दाढ लावली होती, सिगारेट सोडण्याच्या बोलीवर.

ती हिरडीत बारीक सळई घालून मिलिमीटरमध्ये खोली सांगू लागली, मदतनीस बाई लिहू लागल्या. "तीन. पाच." सळई आणखी खोल गेली. "आठ."

"रक्त येतंय का?" अच्युतरावांनी चाचरत विचारलं.

"थेंबही नाही."

"मग बरंच आहे की."

"नाही बाबा. सळई इतकी खोल गेल्यावर रक्त यायलाच हवं होतं. धुरानं रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून हिरडी वरून ठणठणीत दिसते. आत स्क्रूभोवतीचं हाड झिजत चाललंय."

"पण मी कुठे ओढतो आता?" अच्युतराव म्हणाले.

मृण्मयी रागावली नाही. तिनं मास्क खाली केला, त्यांचा उजवा हात उचलला आणि लहानपणी आईच्या सांगण्यावरून हुंगायची तशी त्यांची बोटं हुंगली. बोटं धुवायचं राहूनच गेलं होतं.

हात अलगद खाली ठेवून, त्यांच्याकडे न बघता ती म्हणाली, "लिहा बाई, रुग्ण अजून धूम्रपान करतो."