पाचपैकी शून्य

‘तु संध्यकाळि येतना दुद आन’

मेकॅनिकने मेसेज दोनदा वाचला. मग वरचं नाव पाहिलं. आईच होती. नऊ मजली इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीनखोलीत, तो ग्रीसने माखलेल्या हातांनी उभा होता. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. पाच शब्द आणि पाचही चुकलेले. शेवटी पूर्णविरामसुद्धा नाही.

“मातोश्री सापडल्या एकदाच्या,” तो जोडीदाराला म्हणाला.

आईची अडतीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेली होती. शाळेची पुस्तकं, औषधांच्या खोक्यातली माहितीपत्रकं, निधनवार्ता, सगळं तिच्या लाल पेनाखालून जायचं. निवृत्तीनंतर तपासायला उरली ती दोन मुलं. ताई हुशार, ती सुटायची. हा पहिल्यापासून ऱ्हस्व-दीर्घाला ठेचकाळणारा. ‘मि निघालो’ असं लिहिलं, की हा जिना उतरायच्या आत उत्तर हजर: ‘मी. दीर्घ.’ घाई असो, आजारपण असो, भांडण असो, सूट नाही. त्याला मुलगी झाली, तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून त्याने सगळ्यांच्या आधी आईला कळवलं होतं, ‘मुलगि झाली’. उत्तर आलं, ‘मुलगी. गी दीर्घ. दोघींना जप.’ पुढची सात वर्षं त्याच्या डोक्यात राहिली ती फक्त ‘गी’.

एकदा त्याने विचारलंही होतं, “अर्थ कळला ना तुला? मग झालं की.”

“मला कळणारच रे, मी आई आहे,” ती म्हणाली होती. “परक्याला कळायला हवा.”

त्यानंतर तो तिला जमेल तेवढे अंगठेच पाठवायचा.

आज मात्र त्याने काम थांबवलं. हात साबणाने धुतले, पुसले, पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसला आणि उत्तर लिहायला घेतलं. जोडीदार चहा घेऊन आला, तो तसाच निवला. एक-एक शब्द जपून लिहायचा होता. आज स्वतःची चूक झाली असती तर सगळंच मुसळ केरात. म्हणून त्याने आईचा मेसेज आणि आपलं उत्तर, दोन्ही आधी ताईला पाठवलं.

ताईचा लगेच फोन आला. ती हसत होती. “आईने लिहिलंय हे? आपल्या आईने?”

“माझं तपास आधी. एकही चूक नको.”

“‘दीर्घ’मधला दी दीर्घ कर. बाकी बरोबर आहे. फार दिवसांची भूक भागवून घेतोयस रे.”

त्याने दी दीर्घ केला. अकरा पस्तीसला उत्तर गेलं.

‘तू. दीर्घ. संध्याकाळी. ध्य ला काना, ळी दीर्घ. येताना. ता ला काना. दूध. दू दीर्घ, द नाही ध. आण. न नाही ण. पूर्णविराम नाही. पाचपैकी शून्य. पुन्हा लिहून पाठव.’

शेवटचं वाक्य तिचंच होतं. लहानपणी वहीच्या समासात ते त्याने शेकडो वेळा वाचलं होतं.

बारा मिनिटं उत्तर आलं नाही. मग आलं.

‘तु तु द’

“चिडली,” तो जोडीदाराला म्हणाला. “आता वेडावून दाखवतेय.” फोन करावा असं त्याला एकदा वाटलं. पण बोलण्यात ती जिंकायची. त्याने फोन खिशात टाकला आणि तो पुन्हा कामाला लागला. दोरखंड बदलायचा होता. दिवसभर तो शीळ घालत होता.

सहा वाजता दुधाची पिशवी घेऊन तो गेला. दार उघडेना म्हणून त्याने आपल्याजवळची किल्ली लावली. आई टेबल आणि भिंत यांच्यामध्ये जमिनीवर पडली होती. डोळे उघडे होते, त्याच्याकडेच वळलेले. तोंड एका बाजूला ओघळलं होतं. ओठ हलले, पण त्यातून शब्द निघाला नाही. डाव्या हातात फोन होता. तिने तो घट्ट धरला होता; त्याला एक-एक बोट सोडवावं लागलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्याला खुर्चीत बसवलं. तरुण होत्या, हळू बोलत होत्या. मेंदूची रक्तवाहिनी बंद झाली होती. उजवी बाजू गेली, वाचा गेली. जीव बहुधा वाचेल. गुठळी विरघळवायचं औषध असतं, पण ते पहिल्या साडेचार तासांत द्यावं लागतं.

“सुरुवात कधी झाली, सांगता येईल?”

“मी सहाला गेलो. तेव्हा पडलेलीच होती.”

“त्याआधी शेवटचं बोलणं?”

“बोलणं नाही. मेसेज आला होता.” त्याने फोन पुढे केला. “दूध आण म्हणाली. तब्येतीचं काहीच लिहिलं नव्हतं हो.”

डॉक्टरीणबाईंनी ते पाच शब्द वाचले. “आई शिकलेल्या आहेत?”

“प्रुफं तपासायची. कधीच चुकत नाही.”

अंगठ्याने त्यांनी पुढचा मेसेज वर सरकवला. तो लांब होता. सगळा वाचून झाल्यावर त्यांनी त्याच्या खालची वेळ पाहिली आणि कागदावर दोन आकडे लिहिले, ११.१० आणि ११.३५. आवाजात ठपका नव्हता. त्यांना फक्त माहिती भरायची होती.

“म्हणजे,” त्या म्हणाल्या, “पंचवीस मिनिटांत तुमच्या लक्षात आलं होतं.”