पूर्ण हत्यार

"शिवणाचं मशीन येणार नाही," शिकाऱ्याने बंदूकवाल्याच्या दुकानाच्या पायरीवरच बजावलं. "बंदूक येणार. विषय संपला."

"तुमचा संपला," बायको म्हणाली आणि आत जाऊन बाकावर बसली.

सगळी गल्ली त्याला शिकारी म्हणायची. आयुष्यात त्याने कावळासुद्धा मारला नव्हता. पण वडिलांची बंदूक भिंतीवर होती. घरात शब्दाने शब्द वाढला की तो ती उतरवून जेवणाच्या टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचा, "आता बोल." बायको बोलायची. आधी बोलत होती तेच, फक्त जरा सावकाश. मुलीने आपल्या पसंतीने लग्न केलं, ते याच बोलण्यावर. घरातलं शिवणकाम टिकलं, तेही. आज सकाळी बंदूक पुन्हा टेबलावर आली होती. "ते शिवणाचं भंगार इथंच सोडायचं. आता बोल." ती बोलली होती, "मशीन माझ्याबरोबर येईल."

दोघं कायमची परदेशी, मुलाकडे निघाली होती. शिकारी बंदूक सोबत न्यायच्या परवान्यामागे हात धुऊन लागला होता. इथल्या पोलिसांची ना-हरकत झाली, तिथल्या सरकारची परवानगी आली. उरली होती घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाची संमती, आणि बंदूकवाल्याचा दाखला. हत्यार पूर्ण आहे, चालतं, असा. अर्धवट हत्याराला सीमा बंद.

बायकोने मुकाट्याने संमतीची सही केली.

"आली एकदाची वठणीवर," शिकारी मिशीत हसला.

बंदूकवाल्याने मागच्या खोलीत वाळूच्या पेटीवर नळी रोखली, चाप ओढला. खट्. पुन्हा ओढला. खट्. तो बाहेर आला आणि काउंटरवरच बंदूक उघडून बसला.

"साहेब, हिच्यात पिनच नाही. काडतुसाच्या बुडावर आपटते ना, बोटभर, ती. कुणीतरी काढलीये. आणि काम जुनं आहे, भोकात गंज बसलाय."

"शक्य नाही! माझ्याशिवाय हिला कुणी हात..." शिकाऱ्याचं वाक्य अर्ध्यावरच राहिलं. तो बाकाकडे वळला.

बायको चष्मा पुसत होती.

"पहिल्यांदा टेबलावर ठेवलीत ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी," ती म्हणाली. "तुम्ही कामावर गेलात तेव्हा. पोरं लहान होती हो."

"कुठाय ती?"

"तुमच्या त्या शिवणाच्या भंगारावर. रिळाची खुंटी मोडली होती, तिच्या जागी बसवली. चपखल बसली. तिथून ती हलणार नाही."

बंदूकवाल्याला हसू आवरेना. "वहिनी, कायद्याने सुटी पिनसुद्धा हत्यारातच धरतात. सीमेपार न्यायची तर परवाना लागेल. आणि घरातल्या दुसऱ्या माणसाची संमती."

तिने चष्मा लावला. काउंटरवरचं पेन उचलून शिकाऱ्यासमोर ठेवलं.

"आता बोला."