ताईची मूठ

कानबाई देवीच्या सणाला प्रसादाचे जाड रोट करायचे, तर आमच्याकडे घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मूठभर गहू काढतात. पप्पांची मूठ, काकांची मूठ, दादाची मूठ. आम्हा बहिणींची नाही, कारण आजी म्हणते, "पोर ते परका घरनी."

यंदा मयुरीताई मिलिटरीत आहे आणि सीमेवर लढाई सुरू आहे, म्हणून मी सुपासमोर ठाण मांडून बसले. "काकांचं बाळ अजून दुपट्यात मुततं, तरी त्याची मूठ निघते. आणि जी बंदूक घेऊन उभी आहे तिची नाही? आजी, कानबाईसुद्धा बाईच आहे ना गं?"

पप्पा नुकतेच लूमवरून आले होते, केसांत अजून कापसाची धूळ होती. त्यांनी हसत पोत्यात हात घातला. "ही मूठ मनी मयुरीनी," म्हणाले, आणि सगळ्यांत मोठी मूठ काढली.

मी ते गहू वेगळ्या वाटीत ठेवले, व्हिडिओ काढला आणि ताईला पाठवला. लगेच उत्तर आलं, "जिंकलीस की गं. माझ्या वाटचा रोट तूच खा, भुक्कड." मी तो मेसेज गोडादऱ्यातल्या आमच्या अख्ख्या गल्लीला वाचून दाखवला.

* * *

रोट व्हायच्या आधीच घरात सुतक आलं. पप्पांनी बाकीच्यांचे गहू पोत्यात परत ओतले आणि ताईच्या वाटीतले तेवढे दळून आणले, तिच्या पिंडासाठी.