अडीच पायली

"तुमच्याकडे तीन मिनिटं आहेत," पडद्यावरचे अध्यक्ष म्हणाले.

कुरवंडे गावातल्या घरात भाताच्या कणगीवर लॅपटॉप ठेवून हर्षदा उभी होती. रेंज तेवढ्याच कोपऱ्यात येते. पडद्यावर सात देशांतले अकरा चेहरे होते. एका सॉफ्टवेअरमधलं गणित दुसऱ्यात अर्थासकट कसं पोचवायचं, याचे नियम ही मंडळी ठरवतात. आज मसुदा बंद होणार होता. मग पाच वर्षं त्याला कुणी हात लावणार नव्हतं.

"मी शिकवते त्या शाळेत ऑनलाइन सराव परीक्षा झाली," हर्षदा इंग्रजीत सांगू लागली. "उत्तर होतं अडीच. मुलांनी दोन लिहिले आणि शेजारी एक छेद दोन. तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला मध्ये चिन्ह दिसलं नाही, म्हणून त्यानं गुणाकार धरला. दोन गुणिले अर्धा, म्हणजे एक. पंधरा मुलं चूक ठरली. मध्ये एक न दिसणारं अधिक चिन्ह पाठवायचं, एवढाच नियम मला हवाय."

"शेजारी लिहिलं की गुणाकार, अशीच रीत आहे," अध्यक्ष समजुतीनं म्हणाले. "असे अपूर्णांक फक्त शाळकरी मुलं वापरतात. पुढच्या वेळी पाहू."

हर्षदाचे कान तापले. त्या पंधरांत शेजारच्या अनिताची मुलगी प्रतीक्षा होती. आपल्याला गणित येतच नाही असं धरून तिनं शिष्यवृत्ती परीक्षेतून नाव काढायला सांगितलं होतं.

अनिता या वेळी इथेच होती, बियाण्याचं भात न्यायला आलेली. हर्षदाची आई, रतनबाई, तिला मापून देणार होती. रतनबाईला इंग्रजीचं अक्षर कळत नाही, पण लेकीचा आवाज पडला की बरोबर कळतं.

"काय म्हंत्यात गं?"

"आई, अडीच पायली म्हणजे किती?"

"ह्ये काय इचारणं झालं व्हय?"

"दाखव ना. इकडे तोंड करून." हर्षदानं लॅपटॉप वळवला.

रतनबाईनं पदर खोचला. पायली शिगोशीग भरून अनिताच्या पोत्यात ओतली. "लाभ." "पहिल्या मापाला आमच्याकडे एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात," हर्षदानं इंग्रजीत सांगितलं. रतनबाईनं दुसरी ओतली. "दोन." मग अधोली, म्हणजे अर्ध्या पायलीचं माप, भरून ओतली. "अन् ही अधोली. झालं अडीच."

"तुमच्या रीतीनं या बाईंना एकच पायली मिळते," हर्षदा म्हणाली. "बाकीचं रान त्यांनी कशानं पेरायचं?"

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"कुणाची हरकत?" त्यांनी विचारलं. एकही हात वर झाला नाही. "नियम मंजूर. उदाहरण काय लिहू?"

"अडीच पायली," हर्षदा म्हणाली, आणि एकेक अक्षर सावकाश सांगितलं. मग ती आईकडे वळली. "आई, तुझं माप जगाच्या नियमात गेलं गं."

"जायालाच पायजे," रतनबाई म्हणाली. "मापात कदी खोट केली न्हाई."

अनिता मात्र वेगळ्याच हिशेबात होती. "हर्षदाताई, म्हंजी आमच्या पोरीचं बराबर हुतं?"

"पहिल्यापासून, वहिनी."

अनितानं पोतं तिथंच टाकलं आणि ती हाका मारत अंगणातून पळाली. "पर्तिक्षे! अगं, तुजं बराबर हुतं!" हाक पार टेकडीपर्यंत गेली. पडद्यावरच्या अकरा जणांनीही ती ऐकली.

रतनबाईनं शेजारच्या उघड्या कणगीत हात घातला आणि मूठभर भात पोत्यात टाकलं. "ही पर्तिक्षाच्या नावाची."

अध्यक्ष पुढे झुकले. "आणि आता किती झालं?"

"अडीचच," हर्षदा म्हणाली. "वरची मूठ आमच्याकडे मोजत नाहीत."