अर्धी गोळी

"आब्बा, लंडनच्या समस्त सिल्हेटी पुरुषांची अब्रू गेली बघा," जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडत लुबना म्हणाली.

लुबना लीड्सच्या विद्यापीठात कामाला होती. दवाखान्यांतल्या लाखो नोंदी, नावं पुसलेल्या, तिच्याकडे येत. कुठल्या समाजाला कुठला आजार जास्त छळतो, हे ती त्यांतून शोधायची. महिन्यावर आलेल्या स्वतःच्या लग्नासाठी ती लंडनला, बांगलादेशातल्या सिल्हेटहून आलेल्यांच्या व्हाइटचॅपल वस्तीत, आई-वडिलांकडे आली होती. अहवाल पुरा झाल्यामुळे स्वारी खुशीत होती.

"काय केलं बुवा आम्ही?" मुहिबुर मियांनी विचारलं.

"डायबेटिसच्या गोळ्या दर महिन्याला नेता, पण साखर काही उतरत नाही. म्हणजे नेता आणि खात नाही! असंच लिहून दिलंय मी. तुमचंही तेच, नाही का?"

मियां हसले नाहीत. त्यांनी बायकोकडे पाहिलं.

सुफिया जमिनीवर विळी घेऊन बसली होती. सुक्या मासळीच्या कालवणासाठी वांगी चिरून झाली होती. तिने पातं पदराला पुसलं, एक पांढरी गोळी त्यावर धरून दाबली. अर्धी नवऱ्याच्या ताटाशी ठेवली. अर्धी स्वतःच्या तोंडात टाकली.

"आम्मा! ती आब्बांची गोळी आहे."

"मलाही तोच आजार. त्यांच्या मशीनवर बोट टोचून बघितलं मी."

"कधी? आणि डॉक्टरकडे का नाही गेलीस?"

"कशी जाऊ? दवाखान्यात दाराशीच नावं लिहून घ्यायला तुझ्या होणाऱ्या सासूची मावसबहीण बसते. आईला साखर आहे कळलं, की पोरीलाही होणार म्हणतात. शेजारच्या रुबिनाचं ठरलेलं लग्न कशानं मोडलं, विसरलीस?"

लुबनाला संताप आला, आणि अहवालात 'खात नाहीत' असं लिहून दिल्याची त्याहून जास्त लाज वाटली.

सुफिया उठली ती लंगडतच. लुबनाने तिला खुर्चीत बसवलं आणि पायातला मोजा ओढला. अंगठा काळा पडला होता.

"दुखत नाही गं," सुफिया म्हणाली.

साखरेने नसा मेल्या की दुखेनासं होतं, हे लुबनाला ठाऊक होतं. "आब्बा, गाडी बोलवा. आत्ता."

"महिनाभर कळ काढ. लग्न होऊ दे आधी. आणि हे बघ, तुझ्या त्या कंप्युटरात माझं नाव घालू नकोस."

"तिथे कुणाचंच नाव नसतं, आम्मा. तू तर त्यात नाहीसच."

"मग बरं झालं," सुफिया म्हणाली, आणि तिने मोज्यासाठी हात पुढे केला.