सख्खा की चुलत

“नुसतं ‘माझं चुकलं’ म्हण, विनय. इंग्लिशमध्ये सांगताना गोंधळ झाला म्हण. काम होऊन जाईल,” वकील कानाशी लागून सांगत होता.

“सर, मी वूस्टरला जन्मलो. माझं इंग्लिश तुमच्याइतकंच चांगलं आहे,” विनय म्हणाला. “ही वॉज माय ब्रदर. यात गोंधळ कसला?”

मागच्या बाकावर बसलेल्या त्याच्या वडिलांना, जगन्नाथरावांना हसू दाबता येईना. पोरगं अगदी त्यांच्याच वळणावर गेलं होतं. शेजारी त्यांची बायको सुमित्राबाई मात्र पदराचा काठ चोळत खाली बघत होत्या.

बॉस्टनच्या सरकारी इमारतीतली ती खोली. लांब टेबलामागे पाच लष्करी अधिकारी पंचांसारखे बसले होते. लष्करातून काढताना विनयच्या डिस्चार्जवर पडलेला डाग पुसायचा की तसाच ठेवायचा, हे आज ते ठरवणार होते.

विनय आर्मी रिझर्व्हमध्ये भरती झाला, तेव्हा वूस्टरशेजारच्या श्रूजबरीतल्या मराठी मंडळींनी नाकं मुरडली होती. “अहो, डॉक्टर करायचं सोडून शिपाई?” जगन्नाथराव कुणाला बधले नाहीत. “ज्या देशाचं मीठ खातो, त्याच्यासाठी महिन्यातून एक वीकेंड घाम गाळला तर बिघडलं कुठे?” म्हणायचे. विनयचा युनिफॉर्ममधला फोटो त्यांनी दिवाणखान्यात अशा जागी लावला, की आल्या-गेल्याला तो चुकवताच येऊ नये.

मग राजीव गेला. ओहायोत नोकरीला होता, तिथेच डब्लिन गावाजवळच्या हायवेवर, ट्रकच्या धडकेत.

राजीव म्हणजे जगन्नाथरावांच्या थोरल्या भावाचा, नागपूरच्या दादांचा एकुलता एक. एमएस करायला अमेरिकेत आला, तो काकांच्याच घरी राहिला. विनयला गाडी चालवायला त्यानं शिकवलं, मिसरूड फुटल्यावर दाढी करायलाही त्यानंच. दोघांचं नाकसुद्धा एक. लोक म्हणायचे, “रक्त बोलतं हो!”

दादा आधीच वारले होते. वहिनी नागपुरात एकट्या. अग्नी देणार कोण? ओहायोत अग्नी म्हणजे भट्टीचं बटण. जगन्नाथरावांचा हात पुढे होईना. विनयनं काही न बोलता पुढे होऊन बटण दाबलं. तेरावं होईपर्यंत तो तिथून हलला नाही.

रिझर्व्हचा उन्हाळ्याचा कॅम्प बुडाला. निघताना त्यानं सार्जंटला फोन केला होता, “माझा भाऊ गेला, रजा हवी.” पुढे चौकशी झाली. विनयनं भरतीच्या वेळीच सांगून ठेवलं होतं, की आपण एकुलते एक. झालं! खोटी सबब सांगून कॅम्प चुकवला, असा ठपका ठेवून त्याला काढून टाकलं. त्या ठपक्यामुळे फायर ब्रिगेडनं त्याला दारातूनच परत पाठवलं, आणि फायरमन होण्याचा तर त्याला लहानपणापासून ध्यास. मंडळाच्या गणपतीत लोक कुजबुजले, “काहीतरी भानगड असणार.” जगन्नाथरावांनी फोटो मात्र काढला नाही.

टेबलामागे मधोमध बसलेला कर्नल पिकल्या केसांचा, शांत माणूस होता. “राजीव तुमच्या काकांचा मुलगा. म्हणजे कझिन,” तो म्हणाला.

“तुमच्या पद्धतीनं, सर.”

“सार्जंटला कझिन म्हणून सांगितलं असतं तर?”

“रजा मिळाली नसती.”

“आणि हे तेव्हा तुम्हाला माहीत होतं?”

“होतं,” विनय म्हणाला. वकिलानं कपाळाला हात लावला. “पण मी रजेसाठी त्याला भाऊ केला नाही, सर. तो आधीपासूनच होता. आमच्याकडे चुलतभावाला भाऊच मानतात. डिस्चार्ज बदलून घेण्यासाठी मी आता ‘तो माझा कोणी नव्हता’ असं म्हणणार नाही. आय काण्ट.”

जगन्नाथरावांचा ऊर भरून आला. वाटलं, उठावं आणि सगळ्यांदेखत पोराची पाठ थोपटावी. अस्सा पाहिजे! मोडेन पण वाकणार नाही!

कर्नलनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. “मला तुमच्याबद्दल आदर वाटतो, यंग मॅन. पण भाऊ म्हणजे आई किंवा वडील एक असलेला, असा नियम आहे. तुमच्या रीतीवर मला निकाल देता येत नाही.” त्यानं बाकांकडे पाहिलं. “आणखी कुणाला काही सांगायचंय?”

विनय मान ताठ ठेवून उभा होता.

जगन्नाथराव उठले.

सुमित्राबाईंनी त्यांचा कोट घट्ट धरला. “अहो, नको,” त्या पुटपुटल्या. “जाऊबाईंना शब्द दिलाय आपण.”

“शब्द मी दिला होता. भोगतोय तो,” जगन्नाथराव म्हणाले आणि त्यांनी हलकेच कोट सोडवून घेतला.

“बाबा, इट्स ओके,” विनय मागे वळून म्हणाला. “तुम्ही बसा. मला वाईट नाही वाटत.”

“तू गप्प राहा. आज बापाला बोलू दे.”

ते पुढे गेले. हात वर करून त्यांनी शपथ घेतली.

“माझा मुलगा खोटं बोलला नाही, साहेब,” ते खणखणीत आवाजात म्हणाले. “राजीवला माझ्या बायकोनं जन्म दिला, आणि बारशाच्या दिवशी मीच त्याला वहिनीच्या ओटीत घातला.”