भोकाचं नाणं

पेलोसाहेब सोन्याच्या जुन्या नाण्यांचे वेडे. बार्नबीने आपल्या यॉर्कच्या दुकानात त्यांच्यापुढे एक नाणं ठेवलं. चौथ्या एडवर्डच्या काळातलं, देवदूताची छाप असलेलं. पण वरच्या कडेला भोक होतं.

"पूर्वी राजा स्वतःच्या हाताने असं नाणं आजाऱ्याच्या गळ्यात बांधायचा, साहेब. माणूस बरा व्हायचा म्हणे."

"अडाणी लेकाचे! सोन्याची माती केली." पेलोसाहेबांनी नाणं नखाने परत ढकललं. "माझं देवदूताचं नाणं बघ येऊन एकदा. साधा ओरखडासुद्धा नाही."

त्यानंतर ते उगवले ते थेट मार्चमध्ये. दाढी वाढलेली, कोटाची बटणं चुकलेली.

"ते भोकाचं नाणं आहे का रे अजून?"

"ते नाताळातच गेलं." बार्नबीला हसू आवरेना. "तुम्हाला कशाला ते? घरी चांगलं अख्खं आहे की! बरं, तुमच्या मिसेस हेस्टरबाई आल्या का इस्पितळातून घरी?"

"डॉक्टरांनी हात टेकलेत."

पेलोसाहेबांनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली आणि जपून सोडली. त्यांचा बिनओरखड्याचा देवदूत काउंटरवर लखलखला.

"बार्नबी, तुझ्याकडे बारीक गिरमिट असेल का रे?"